पिशवीतली औषधं कोणी वाचायची?

रुग्णालयात ॲडमिट व्हायला आलेल्या माणसासोबत बहुधा एक पिशवी असते. तिच्यात गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या असतात. कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेली असते. शिवाय अर्धी संपलेली एखादी बाटली, जुनं डिस्चार्ज कार्ड, गावातल्या डॉक्टरांनी कागदात बांधून दिलेल्या पुड्या. ही पिशवी कोणी उघडायची? तिच्यातलं काय खरोखर पोटात जातं आणि काय नुसतंच पडून आहे हे कोणी विचारायचं, आणि कुठे लिहायचं? काही रुग्णालयांत हे काम आता क्लिनिकल फार्मसिस्टकडे दिलं जातं. मला ते फार मोलाचं वाटतं. पण त्याला विरोध करणारे डॉक्टरही मी ऐकले आहेत, आणि त्यांचा विरोध अनुभवातून आलेला आहे.

म्हणून दोन्ही बाजू दोघांच्या तोंडी देतो. काका म्हणजे तालुक्याच्या गावी आयुष्यभर प्रॅक्टिस केलेले एमडी फिजिशियन, वीस खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल असलेले. पुतणी फार्म.डी. करून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मसिस्ट झालेली. माणसं मी रचलेली आहेत, वाद मात्र खरा आहे.

काका : हिस्ट्री घेणं हे डॉक्टरचं काम आहे. आम्हाला वॉर्डात पहिल्यांदा उभं केलं तेव्हा सरांनी तेच शिकवलं. रुग्ण काय सांगतो, कसं सांगतो, काय सांगायचं टाळतो, यातून निम्मं निदान होतं. आता तू म्हणतेस, त्यातला औषधांचा भाग बाजूला काढून फार्मसिस्टकडे द्या. उद्या जेवणाचा भाग आहारतज्ज्ञाकडे, झोपेचा आणखी कोणाकडे. मग अख्खा माणूस कोण बघणार?

पुतणी : अख्खा माणूस तुम्हीच बघायचा, काका. पण मला सांगा, रात्री दीड वाजता दम लागलेल्या आजी कॅज्युअल्टीत आल्या, तर त्यांच्या औषधांची हिस्ट्री तुम्ही घेता का?

काका : आरएमओ घेतो.

पुतणी : त्याला वेळ किती मिळतो?

काका : ऑक्सिजन लावायचा, ईसीजी काढायचा, रक्त पाठवायचं, नातेवाइकांना धीर द्यायचा. त्यात दोन मिनिटं मिळाली तर मिळाली.

पुतणी : त्या दोन मिनिटांत केसपेपरवर काय उतरतं ते मी रोज वाचते. 'डीएम, एचटीएन, ऑन रेग्युलर ट्रीटमेंट.' कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी घेतली, यातलं काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी राउंडला तीच ओळ तुमच्यासमोर येते आणि तिच्या भरवशावर तुम्ही ऑर्डर लिहिता. ज्या हिस्ट्रीतून निम्मं निदान होतं म्हणता, ती औषधांच्या बाबतीत घेतलेलीच नसते. मी जे मागते आहे ते काम सध्या कोणीच करत नाही.

काका : सगळीकडे तसं नसतं. माझ्याकडे एक बाई यायच्या. अशक्तपणाची तक्रार. चेहरा गोल, सुजल्यासारखा, हातांवर जरा लागलं की काळेनिळे डाग, साखर वाढलेली. औषध कुठलं घेता, म्हटलं. कुठलंच नाही म्हणाल्या. मग मी त्यांच्या चालण्याकडे बघितलं आणि गुडघ्यांचं विचारलं. तेव्हा निघालं की बाजाराच्या दिवशी एक माणूस येतो, तो गुडघेदुखीच्या पुड्या देतो. दोन वर्षं घेत होत्या. त्या पुडीत स्टेरॉइड असणार हे मला चेहऱ्यावरूनच कळलं होतं. नुसती यादी करणाऱ्याला ते कळलं असतं? त्या बाईंच्या लेखी ती पुडी औषध नव्हतीच.

पुतणी : म्हणून तर मी 'कुठलं औषध घेता' असं विचारतच नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं : बीपीची एक आणि शुगरची एक. मी दिवस धरून चालते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी काही घेता? थायरॉइडची गोळी तिथे सापडते. नाश्त्यानंतर? रात्री झोपताना? आठवड्यातून एकदाच घ्यायचं काही आहे? महिन्यातून एकदा टोचून घ्यायचं? डोळ्यांत काही टाकता? ओढायचा पंप आहे? अंग दुखल्यावर मेडिकलमधून काय आणता, आणि आठवड्यातून किती वेळा? वैद्यांचं काही, होमिओपॅथीचं, काढा, चूर्ण, भस्म? मशेरी लावता? आणि गोळ्यांचा डबा कोण भरतं? सून भरत असेल तर मी सुनेशी बोलते. तुमच्या त्या बाईंची पुडी 'दुखल्यावर काय आणता' या प्रश्नाला बाहेर आली असती.

काका : असती. नसतीही.

पुतणी : खरं आहे, नसतीही. पण हे प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तुमची नजर ज्या रुग्णाकडे वळली त्याचंच निघतं, आणि राउंडला तीस रुग्ण असले की ती प्रत्येकाकडे वळू शकत नाही.

इथे मला मध्येच बोलावंसं वाटतं, कारण डोळ्यांच्या थेंबांचा प्रश्न फार मोलाचा आहे. थेंब म्हणजे औषध असं आपल्याकडे क्वचितच कोणाला वाटतं. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात. ते बीटा-ब्लॉकर आहे. डोळ्यांतून ते रक्तात पोचतं, नाडी मंद करू शकतं, आणि दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते. नाडी चाळीसवर आलेल्या आजोबांच्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या होतात आणि बाटली घरी खिडकीत राहते. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, आणि आपणहून सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नाही. हाच घोटाळा इन्सुलिनचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. १०० युनिटचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात ५० युनिट टोचले जातात. उलट केलं तर २० ऐवजी ८. 'वीस घेते' एवढं ऐकून कागदावर वीस लिहिणं सोपं आहे. 'सिरिंज दाखवा बरं' म्हणणाऱ्यालाच खरा आकडा मिळतो.

काका : हे सगळं मला मान्य आहे. पण हे चांगल्या डॉक्टरने करायचं की नाही? डॉक्टर कमी पडतो म्हणून त्याला शिकवायचं सोडून काम दुसऱ्याला देऊन टाकायचं?

पुतणी : शिकवा की. पण नुसत्या शिकवण्याने फरक पडत असता तर एवढ्या वर्षांत पडला असता. टोरंटोच्या एका शिक्षण-रुग्णालयातला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार किंवा जास्त औषधं नियमित घेणारे १५१ रुग्ण, मेडिसिन विभागात ॲडमिट झालेले. त्यांतल्या ५३.६ टक्के रुग्णांच्या ऑर्डरमध्ये निदान एक तरी तफावत अशी होती, जी डॉक्टरांनी विचार करून केलेली नव्हती. सगळ्यात जास्त, ४६.४ टक्के तफावती एकाच तऱ्हेच्या. घरी चालू असलेलं औषध ऑर्डरमध्ये उतरलंच नव्हतं. तिथे डॉक्टरांना हिस्ट्री घेता येत नव्हती असं कोण म्हणेल?

काका : त्याच अभ्यासात पुढे काय आहे ते वाच. ६१.४ टक्के तफावतींमधून रुग्णाला काही त्रास होण्याची शक्यता नव्हती. कॅल्शियमची गोळी आठ दिवस राहिली तर काय बिघडतं? तुम्ही लोक तफावती मोजता. मी रुग्ण बरा होऊन घरी गेला का ते मोजतो.

पुतणी : उरलेल्या ३८.६ टक्क्यांमधून मध्यम किंवा गंभीर त्रास होऊ शकला असता. कॅल्शियम कुठलं आणि फिटची गोळी कुठली, हे यादी केल्याशिवाय कळणार कसं? सांधेदुखीच्या, म्हणजे संधिवाताच्या आजी घ्या. त्यांना मेथोट्रेक्सेट चालू आहे, साडेसात मिलिग्रॅम, अडीचच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा, समजा दर रविवारी. न्यूमोनिया होऊन त्या ॲडमिट होतात. मुलाने आणलेल्या चिठ्ठीवर 'मेथोट्रेक्सेट ७.५' एवढंच वाचता येतं. रात्रीच्या घाईत ट्रीटमेंट शीटवर त्याच्यापुढे 'रोज एकदा' लिहिलं जातं, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्याच असतात. सिस्टर रोज देतात, त्यांनी ऑर्डरप्रमाणेच द्यायचं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि सगळे म्हणतात इन्फेक्शन वाढलं. त्यात न्यूमोनियामुळे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर औषध शरीरातच साठत जातं. मुळात न्यूमोनियात ते औषध थांबवायचं का, हाच पहिला प्रश्न होता. तो विचारलाच गेला नाही.

काका : ही चूक कुठलाही फिजिशियन पकडेल.

पुतणी : शीट वाचली तर पकडेल. आणि रविवारची गोळी आहे हे माहीत असेल तर. दोन्ही होतंच असं नाही, म्हणून तर ही चूक जगभर पुन्हा पुन्हा होते आणि माणसं दगावतात.

काका गप्प राहिले, पण पटलं म्हणून गप्प राहिले असं मी लिहिणार नाही. मेथोट्रेक्सेटचं उदाहरण भक्कम आहे. तरी त्यातून हे काम फार्मसिस्टनेच करावं असं आपोआप निघत नाही. ते कोणीतरी नीट करावं एवढंच निघतं. काकांनी पुढचा प्रश्न नेमका तिथेच विचारला.

काका : ठीक. कोणीतरी बसून, वेळ देऊन, नीट करायचं. मग सिस्टर का नाही? ज्युनियर डॉक्टर का नाही? फार्मसिस्टच का?

पुतणी : कारण आम्ही औषधांवरच वाढलो आहोत. रुग्ण 'छोटी गुलाबी गोळी' म्हणाला की आमच्या डोळ्यांसमोर चार गोळ्या येतात आणि पुढचा प्रश्न सुचतो. एका नावाच्या गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, हे आपल्याकडे किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. शुगरच्या दोन पट्ट्या, दोन कंपन्यांच्या, नावं वेगळी, आणि दोन्हींत ग्लिमेपिराइड. डॉक्टरांच्या यादीत त्या दोन गोळ्या दिसतात, मला एकच औषध दुप्पट दिसतं. आणि तुम्हाला आकडे हवेत म्हणून सांगते. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातला अभ्यास २०१८ मध्ये आला. धोका जास्त असलेले तीनशेच्या वर रुग्ण तीन गटांत वाटले. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या औषध-हिस्ट्रीत रुग्णामागे सरासरी ८ चुका. फार्मसिस्टने घेतलेल्या हिस्ट्रीत १.४. फार्मसिस्टच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या, तयार केलेल्या फार्मसी तंत्रज्ञांच्या हिस्ट्रीत १.५.

काका : थांब. तंत्रज्ञांच्या १.५? म्हणजे तुझी सहा वर्षांची पदवी सुद्धा लागत नाही.

पुतणी : हिस्ट्री घ्यायला नाही लागत. मला तर त्या आकड्यातच सगळ्यात जास्त आशा दिसते. फार्म.डी. आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाली. आमच्यातले कितीतरी जण रुग्णालयात जागाच नाहीत म्हणून औषध कंपन्यांच्या कामाला लागतात. तालुक्याला फार्म.डी. येईल म्हणून वाट बघत बसलो तर आयुष्य जाईल. पण डी.फार्म. झालेला माणूस तुमच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये आत्ता उभा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मसिस्टलाच आहे, म्हणून तो तिथे आहे. त्याला प्रश्नांचा क्रम शिकवा, महिनाभर माझ्यासारख्या कोणाकडून तपासून घ्या, तो हे करू शकतो.

काका : आणि काउंटर कोण सांभाळणार? तू शहरातल्या रुग्णालयातून बोलतेस. सरकारी रुग्णालयात जाऊन बघ. औषधनिर्माण अधिकारी खिडकीच्या आत, बाहेर ओपीडीची रांग. त्यालाच भांडार बघायचं, इंडेंट भरायचे, मुदत संपत आलेला साठा वेगळा काढायचा, ई-औषधी या संगणक-प्रणालीवर नोंदी करायच्या. त्याला म्हणायचं, वॉर्डात जा आणि आजींना विचार डोळ्यांत काय टाकता?

पुतणी : नाही म्हणायचं. आहे त्याच माणसावर हे लादलं तर तो कागद भरेल आणि आपण खूश होऊ. जागा वाढवल्याशिवाय हे होणार नाही, हे मी मान्य करते.

ही कबुली मला महत्त्वाची वाटते. या कामाची तळमळ असलेली माणसं अनेकदा असं बोलतात, जणू फक्त मानसिकता बदलायची आहे. सरकारी रुग्णालयात प्रश्न पदांचा आहे. एका रुग्णाची हिस्ट्री नीट घ्यायला अर्धा तास सहज जातो. गावच्या मेडिकलला फोन करायचा असेल, लेकीला विचारायचं असेल तर जास्तही. तो अर्धा तास कोणाच्या पगारातून येणार, याचं उत्तर वॉर्डात मिळत नाही. ते मंत्रालयात द्यावं लागेल, आणि ते मागणाऱ्यांत डॉक्टरांचा आवाज असल्याशिवाय कोणी ऐकेल असं मला वाटत नाही.

काका : आणि कागदाचं म्हणतेस तर ऐक. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००५ मध्ये आपल्या सगळ्या रुग्णालयांना घरच्या औषधांची यादी ऑर्डरशी जुळवणं बंधनकारक केलं. काय झालं? रुग्णालयांना ते इतकं जड गेलं की २००९ पासून मान्यता देताना त्याचे गुण धरणंच त्यांनी थांबवलं. पुढे २०११ मध्ये नियम सैल करून परत आणला. एवढा पैसा असलेल्या देशाची ही गत. आपल्याकडे मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी आली की आठ दिवस आधी सगळ्या फायलींमध्ये औषधांच्या याद्या उगवतात. एकाच्या हस्ताक्षरात, एकाच पेनाने.

पुतणी : बघितल्या आहेत मी तशा याद्या. आणि त्यांचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो, कारण त्या याद्यांमुळे खरी यादीही कोणी वाचत नाही. पण नियम सैल केला याचा अर्थ काम निरुपयोगी ठरलं असा नाही. 'नीट करा' म्हटलं, पण कोणी, कधी आणि कोणाच्या वेळातून, हे ठरवलं नव्हतं. इंग्लंडमध्ये नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत निदान वेळ बांधून दिली. ॲडमिट झाल्यापासून २४ तासांच्या आत, गरज असेल तर त्याच्याही आधी.

काका : चोवीस तास? रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस डोक्याला मार लागून आला, तर चोवीस तासांनी ती यादी मी कुठे घालू? माझी ऑर्डर पहिल्या तासात लिहून होते.

पुतणी : हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. म्हणून सगळी यादी एकदम करायची नाही. पहिल्या तासात, जो कोणी असेल त्याने, सिस्टर असोत नाहीतर आरएमओ, तीनच गोष्टी विचारायच्या. रक्त पातळ करणारं काही घेता का आणि शेवटची गोळी कधी घेतली. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी शेवटची कधी. फिटची, स्टेरॉइडची गोळी आहे का. आणि नातेवाइकाला सांगायचं, सकाळी येताना घरातली सगळी औषधं घेऊन या, डबा, बाटल्या, थेंब, पुड्या, जे असेल ते. सकाळी मी त्या पिशवीसह बसते, आणि तुमच्या राउंडच्या आधी यादी फाईलमध्ये असते.

काका : रात्री तू नसतेस.

पुतणी : रात्री मी नसते. आणि रविवारी आमच्यातलं एकच जण असतं.

काका : ऑपरेशनच्या रुग्णांचं काय? ते तर ठरवून येतात.

पुतणी : तिथे तर ॲडमिट व्हायच्या दिवशी विचारणंसुद्धा उशिराचं आहे. शुगरचं डॅपाग्लिफ्लोझिन घ्या. पेटंट संपल्यापासून किती स्वस्त झालं आणि किती जण घेतात, तुम्हाला माहीतच आहे. ऑपरेशनच्या आधी ते निदान तीन दिवस बंद हवं, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावलं. कारण उपाशीपोटी, ऑपरेशनच्या ताणात कीटोॲसिडोसिस होऊ शकतो आणि साखर मात्र फार वाढलेली दिसत नाही. ऑपरेशननंतर रुग्ण मळमळतो, धापा टाकतो, साखर १८०. कोणाला संशय येणार? त्या रुग्णाला आठवडाभर आधी, ऑपरेशनची तारीख देतानाच कोणीतरी विचारायला हवं होतं. कित्येकदा तो म्हणतो, 'शुगरच्या गोळ्या बंद केल्यात,' आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालूच असतं, कारण ते त्याला हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेलं असतं. त्याच्या हिशेबात ती हृदयाची गोळी.

काका : हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बरं, चूक झाली तर? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून नोटीस येते ती माझ्या नावाने. तू यादीत एखादं औषध सोडलंस, मी त्या यादीवर भरवसा ठेवला, रुग्णाला काही झालं. कोर्टात कोण उभं राहणार?

पुतणी : म्हणून यादीवर मी नुसती औषधं लिहीत नाही. प्रत्येक औषधापुढे ते मला कुठून कळलं ते लिहिते. रुग्णाने सांगितलं, पट्टी बघितली, मेडिकलला फोन केला, जुन्या कार्डावर आहे. निदान दोन ठिकाणांहून जुळलं तर बरोबरची खूण, नाहीतर प्रश्नचिन्ह. खाली वेळ आणि माझी सही. मला खात्री नाही तिथे मी तसं लिहिलेलं असतं. 'ऑन रेग्युलर ट्रीटमेंट' या ओळीपेक्षा तो कागद तुम्हाला कोर्टात जास्त उपयोगी पडेल.

मला इथे पुतणीचं पटतं, आणि नुसतं कोर्टापुरतं नाही. औषधाची नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली हे लिहिलेलं असलं की पुढचा माणूस ती तपासू शकतो. रुग्णालयात एकदा कागदावर चढलेली गोष्ट वॉर्डातून वॉर्डात, कागदावरून कागदावर उतरत जाते, आणि तिसऱ्या उताऱ्यानंतर ती पहिल्यांदा कोणी विचारली होती हे कोणालाच सांगता येत नाही. ॲलर्जीच्या बाबतीत हे फार होतं. कधीतरी एका गोळीने पोट बिघडलेलं असतं, त्याची 'पेनिसिलिनची ॲलर्जी' होते, आणि मग आयुष्यभर त्या माणसाला गरज असताना ते औषध मिळत नाही. पुरळ उठलं होतं, घसा सुजला होता, की नुसती मळमळ झाली होती, एवढा एक प्रश्न त्या वेळी विचारायचा राहिलेला असतो.

काका : डिस्चार्जच्या वेळी तू काय करतेस? माझा अनुभव असा आहे की खरा गोंधळ घरी गेल्यावर होतो.

पुतणी : आमचाही तोच. आमच्या रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये रुग्णाची घरची कंपनी नसते. ॲडमिट असताना त्याला त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी चालू होते, डिस्चार्ज कार्डावर तिचंच नाव येतं, तीच तो विकत घेऊन घरी नेतो. घरी डब्यात जुनी असतेच. तो दोन्ही घेतो. त्याच्या मते एक गावच्या डॉक्टरांची, एक मोठ्या दवाखान्याची. बीपीची असेल तर चक्कर येऊन पडतो, शुगरची असेल तर पहाटे घाम फुटून बेशुद्ध होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांपासून होणाऱ्या इजांबद्दल मोहीम सुरू केली, तेव्हा तीन गोष्टींवर बोट ठेवलं. धोक्याची औषधं आणि प्रसंग, एकावेळी खूप औषधं, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना होणारे बदल. आमचा हा रुग्ण तिन्हींत बसतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर मी मराठीत तीन भाग करते. जुनी, तशीच चालू ठेवायची. नवी. आणि बंद केलेली, कारणासकट. घरची पट्टी समोर ठेवून सांगते, ही आणि ही एकच आहे, दोन्ही घ्यायच्या नाहीत.

काका : बंद केलेल्यांची यादी मी कधी देत नाही. द्यायला हवी. गावी परत आल्यावर तो कागद घेऊन तो माझ्याकडेच येणार. पण मला एक सांग. तुझ्या यादीत आणि माझ्या ऑर्डरमध्ये फरक निघाला, तू मला कळवलंस, आणि मी काहीच केलं नाही. मग?

पुतणी : यादीपुढे तुमच्यासाठी रकाना आहे. चालू, बंद, बदल. तुम्ही तो भरायचा. निर्णय तुमचाच.

काका : रिकामा राहिला तर?

पुतणी : फोन करते.

काका : मी ओटीत आहे. ओपीडीत साठ रुग्ण आहेत. उचलला नाही.

पुतणी : पुन्हा करते. पण काका, तेवढ्यात दुपारचा डोस जायची वेळ होते. अशा वेळी त्या एका औषधाचा डोस तुमच्याशी बोलणं होईपर्यंत थांबवून ठेवायचा अधिकार मला हवा आहे. सिस्टरना मी सांगितलं तर त्यांनी थांबावं.

काका : तो मी देणार नाही. आज मेथोट्रेक्सेट थांबवशील, उद्या रुग्णाला हवी असलेली फिटची गोळी कोणीतरी शंका आली म्हणून थांबवेल. रुग्णाची सगळी हालत माझ्यासमोर असते, तुझ्यासमोर औषधांचा भाग असतो.

पुतणी : मग त्या डोसाच्या आधी माझा फोन उचलला जाईल, ही जबाबदारी तुम्ही घ्या. तुम्ही नसाल तर ऑन-ड्यूटी डॉक्टरने घ्यावी, पण कोणाच्या तरी नावावर ती असू दे.

काका : सगळ्या औषधांसाठी नाही. कॅल्शियमसाठी मी ओटीतून बाहेर येणार नाही.

पुतणी : कॅल्शियमसाठी मी फोनही करणार नाही. मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, फिटची औषधं, पोटॅशियम.

काका : स्टेरॉइड घाल त्यात. दीर्घकाळ घेणाऱ्याचं एकदम बंद झालं तर बीपी कोसळतं. आणि डिगॉक्सिन.

पुतणी : घातलं. एवढ्यांसाठी उचलाल?

काका : एवढ्यांसाठी उचलेन. डोस थांबवायच्या अधिकाराचं मात्र माझं म्हणणं तेच आहे.

पुतणी : आणि माझंही.